धुराड्याच्या काट्यावर शिक्का हवा

अकोट्याहून दांडिया बाजारकडे जाणाऱ्या पुलावर पावसाळ्यात माणूस थांबतोच. कठड्यापाशी उभे राहायचे, विश्वामित्री किती चढली ते बघायचे आणि घरी फोन करून फुटांत सांगायचे, ही बडोद्याची रीत आहे. ऑगस्ट 2024 च्या पुरात तर अख्खे शहर फुटांत बोलत होते. धोक्याची पातळी 26 फूट, आणि पाणी गेले 35 फुटांच्याही वर. या आकड्याची मोठी सोय अशी की तो डोळ्यांनी पडताळता येतो. कोणत्या पायरीपर्यंत पाणी आले, कोणाच्या जिन्याला लागले, हे सांगायला यंत्र लागत नाही. याच शहरावरून वाहणारी हवाही मोजली जाते. शहराच्या उत्तरेला आणि वायव्येला कोयलीची रिफायनरी, खतांचा कारखाना, पेट्रोकेमिकल संकुल, रानोली आणि नंदेसरीच्या वसाहती असा सलग पट्टा आहे. तिथल्या मोठ्या कारखान्यांच्या धुराड्यांवर रात्रंदिवस नोंद घेणारी यंत्रे आहेत. पण अकोट्यातला माणूस गच्चीत उभा राहून त्या नोंदीचा खरेखोटेपणा पाहू शकत नाही. त्याला यंत्रावर विश्वास ठेवावा लागतो, आणि यंत्र तेच लिहिते जे लिहायला त्याला सांगितलेले असते. हे सांगण्याचे काम, म्हणजे यंत्राचे सेटिंग, आज लोकांच्या नजरेआड होते. ते उजेडात आणावे, एवढीच या लेखाची मागणी आहे.

यंत्र कसे चालते ते थोडे जवळून पाहू. धुराड्याला मध्यावर कुठेतरी भोक पाडून तिथे एक मापक बसवलेला असतो. धूळ मोजणारा मापक साधारणपणे प्रकाशाचा झोत धुरात टाकतो आणि धुळीच्या कणांवर आपटून किती प्रकाश विखुरला ते पाहतो. धूळ किती मिलिग्रॅम आहे हे त्याला माहीत नसते, त्याला माहीत असतो तो फक्त प्रकाश. त्या प्रकाशाचा तो 4 ते 20 मिलिअँपिअरचा विजेचा इशारा करतो आणि तारेने खाली पाठवतो. खाली भिंतीवर करड्या रंगाचा एक डबा असतो, ते कंट्रोल युनिट. त्यावर बोटभर रुंदीचा पडदा, चार बटणे आणि आत पासवर्डखाली बंद असलेला मेनू. अमुक मिलिअँपिअर म्हणजे अमुक मिलिग्रॅम, हा गुणक या मेनूत भरतात. कितीपर्यंत मोजायचे ती रेंज इथेच ठरते. किती मिनिटांची सरासरी काढायची, देखभाल चालू असताना काय लिहायचे, घड्याळ कशाशी जुळवायचे, नोंद किती दिवस साठवायची, हेही इथेच ठरते. सर्व्हिस इंजिनिअर लॅपटॉप जोडतो, अर्ध्या तासात ही सगळी घरे भरतो आणि निघून जातो. त्यानंतर महिनोन् महिने जे काही सरकारी सर्व्हरवर पोहोचते, ते त्या अर्ध्या तासाच्या चाळणीतून गाळून आलेले असते.

यात एवढे काय बिघडते, असे वाटत असेल तर साधा हिशोब करून पाहा. समजा एका बॉयलरला धुळीची मर्यादा घनमीटरला 150 मिलिग्रॅम आहे. एरवी त्याचा धूर 60 वर असतो. पहाटे गाळणी साफ करताना किंवा भट्टी पेटवताना दहा मिनिटे तो 900 वर जातो. युनिटमध्ये पंधरा मिनिटांची सरासरी लावलेली असेल आणि ती दहा मिनिटे एकाच पंधरा मिनिटांच्या टप्प्यात पडली, तर नोंद होते 620, म्हणजे मर्यादेच्या चौपट. तासाची सरासरी लावली तर तोच धूर 200 होतो, मर्यादेच्या जरासा वर. दिवसाची लावली तर 66, आणि कारखाना नियमात बसतो. आता रेंज बघा. मेनूत वरची मर्यादा 200 भरलेली असेल, तर 900 च्या जागी यंत्र 200 लिहील, कारण त्याहून मोठा आकडा त्याच्या पट्टीवरच नाही. मग तासाची सरासरी निघेल 83. म्हणजे धूर तोच, धुराडे तेच, यंत्रात बिघाड काही नाही, कोणी खोटे बोललेले नाही, आणि तरीही कागदावर 620 पासून 66 पर्यंत हवा तो आकडा मिळतो. पंधरा मिनिटांऐवजी दिवसाची सरासरी घेणे प्रत्येक वेळी चूकच असते असे नाही. वर्षभराचा भार काढायला ती योग्यच आहे. पण ज्या घरातल्या पोराला पहाटे दमा लागला, त्याच्या छातीत दिवसाची सरासरी जात नाही, ती दहा मिनिटे जातात.

आणखी दोन-तीन जागा अशाच आहेत. देखभालीचे बटण दाबले की बरीच युनिटे शेवटचा आकडा धरून ठेवतात. देखभाल संपल्यावर बटण परत फिरवले नाही तर तासन् तास एकच आकडा सरळ रेषेत लिहिला जातो आणि त्याच्यापुढची देखभालीची खूण सर्व्हरवर गेली नाही तर तो खरा वाटतो. धुरात बाहेरची हवा मिसळली की धूळ तेवढीच राहून तिचे प्रमाण उतरते, ताकात पाणी घालून आंबटपणा उतरवावा तसे. म्हणून प्राणवायूचे प्रमाण मोजून आकडा दुरुस्त करायचा असतो. ती दुरुस्ती चालू आहे की बंद, हेही एक सेटिंगच. इंटरनेट बंद पडले की आकडे पाठवणारा लॉगर ते स्वतःजवळ साठवतो, आणि जागा भरली की जुने पुसून नवे लिहितो. साठा किती दिवसांचा ठेवला आहे त्यावर पुसले काय जाणार ते ठरते. घड्याळ पंधरा मिनिटे मागे असेल तर रात्री सव्वादोनला वास आला म्हणून तक्रार करणाऱ्या वस्तीचे म्हणणे नोंदीशी जुळत नाही, आणि खोटे ठरतात ते तक्रार करणारे.

या विषयात सरकार झोपलेले होते असे म्हणता येणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी 2014 मध्ये राज्यांच्या मंडळांना आदेश दिला आणि साखर, आसवनी, खत, रिफायनरी, पेट्रोकेमिकल, रंग, औषधे, सिमेंट, कागद अशा 17 प्रकारच्या जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना अखंड नोंद घेणारी यंत्रे बसवायला लावली. पुढे 2018 मध्ये सुधारित मार्गदर्शिका आली. यंत्रात छेडछाड करता येऊ नये, हे त्यात अपेक्षित आहे. 2019 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे अशा यंत्रांच्या प्रमाणीकरणाचे काम सोपवले गेले. आणि या सगळ्यात बडोद्याचे नाव अभिमानाने घ्यावे अशी एक गोष्ट आहे. इथल्याच पर्यावरण सुरक्षा समितीने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 फेब्रुवारी 2017 रोजी निकाल दिला. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा चालू असल्याशिवाय कारखाना चालवू देऊ नका, हा त्याचा गाभा. त्याच निकालात न्यायालयाने उत्सर्जनाचे आकडे राज्य मंडळांच्या पोर्टलवर लोकांना दिसतील अशी व्यवस्था करायला सांगितले. तेव्हा यंत्रे बसली आणि आकडे दाखवण्याचा आदेशही झाला. पण आकडा दिसणे आणि आकडा कसा काढला ते दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोर्टलवर 66 दिसतो. तो पंधरा मिनिटांचा, तासाचा की दिवसाचा, कोणत्या रेंजवरचा, कोणत्या तारखेच्या गुणकाने काढलेला, हे त्याच्याशेजारी लिहिलेले नसते.

कारखानदारांवर आणि इंजिनिअरांवर हा अविश्वास कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. अविश्वास माणसांवर नाही, रचनेवर आहे, आणि त्याला पुरावा गुजरातचाच आहे. गुजरात उच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशाने या राज्यात कारखान्यांचे पर्यावरण ऑडिट सुरू झाले. ऑडिटर बाहेरचा असायचा, पण त्याला निवडायचा आणि पैसे द्यायचा तो कारखानाच. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला बरोबर घेऊन अहमदाबाद आणि सुरत भागातल्या 473 कारखान्यांत दोन वर्षे प्रयोग केला. 2013 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. जुन्या पद्धतीच्या ऑडिटरांच्या कागदांप्रमाणे धुळीची मर्यादा मोडणारे कारखाने 7 टक्के होते. दुसऱ्या माणसांनी जाऊन मोजले तर ते निघाले 59 टक्के. बहुतेक अहवालांतले आकडे मर्यादेच्या अगदी खाली, एका अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने बसलेले होते. प्रयोगातल्या कारखान्यांसाठी ऑडिटर चिठ्ठी टाकून नेमले, पैसे सामाईक निधीतून दिले, काही अहवालांची फेरतपासणी केली, आणि खोटे अहवाल सुमारे 80 टक्क्यांनी घटले. शिवाय त्या कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. माणसे तीच होती. काटा कोणाच्या हातात आहे आणि त्याच्यावर कोणाचा डोळा आहे, एवढेच बदलले होते. ऑडिटरच्या जोडीला आज यंत्र आले आहे, पण ते यंत्र विकत घेणारा, सर्व्हिस इंजिनिअरचे बिल देणारा आणि पासवर्ड ठेवणारा पुन्हा कारखानाच आहे.

यंत्राची नोंद भरवशाची केली तर काय होते, तेही गुजरातनेच दाखवले आहे. सुरतच्या कापड गिरण्यांच्या भागात 2019 पासून धुळीच्या परवान्यांचा बाजार चालतो. धुळीसाठी अशी योजना जगात पहिलीच. एकूण किती धूळ सोडायची ते मंडळ ठरवते, त्याचे परवाने कारखान्यांना मिळतात, ज्याने धूर कमी केला तो उरलेले परवाने दुसऱ्याला विकतो. सगळा व्यवहार धुराड्यावरच्या यंत्राच्या आकड्यावर. साहजिकच तिथे गुणक कसा काढायचा, नोंद हरवली तर काय धरायचे, याचे नियम सगळ्यांना सारखे आणि आधीच ठाऊक असावे लागतात. 317 कारखान्यांच्या या प्रयोगात बाजारात आलेल्या कारखान्यांची धूळ इतरांपेक्षा 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाली. अमेरिकेने 1990 नंतर वीजकेंद्रांच्या गंधकयुक्त धुरासाठी असाच बाजार केला, तेव्हा एक साधा पण जबर नियम घातला. ज्या तासाची नोंद नाही त्या तासासाठी चढा आकडा धरायचा, आणि नोंदी जितक्या जास्त हरवतील तितका तो आणखी चढा. यंत्र बंद ठेवणे महाग पडू लागले. साहजिकच तिथली वीजकेंद्रे यंत्र बंद पडू देत नाहीत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. ऊस पट्ट्यात ‘काटामारी’ हा शब्द शेंबड्या पोरालाही कळतो. ट्रॉलीतला ऊस कारखान्याच्या काट्यावर किती भरला यावर घरचा वर्षाचा हिशोब असतो, आणि तो काटा दुसऱ्याच्या हातात असतो. त्यासाठी आंदोलने झाली, भरारी पथके आली, बाहेरच्या काट्यावर वजन करून आणण्याचा हक्क मागितला गेला. किराणा दुकानाच्या तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो, पेट्रोल पंपाच्या यंत्राला शिशाचे सील असते, रिक्षाच्या मीटरलाही असते. मापात पाप होऊ नये म्हणून समाजाने शंभर वर्षे खपून ही व्यवस्था उभी केली. पाच लिटर पेट्रोलमागे पन्नास मिलिलिटर कमी भरले तर आपण भांडतो. नंदेसरी असो, तारापूर, लोटे, तळोजा की कुरकुंभ, तिथल्या धुराड्याचा काटा तर आपण श्वासावाटे घेतो त्याचे माप करतो. प्रमाणपत्र मिळते ते यंत्राच्या मॉडेलला. जागेवर बसल्यावर मेनूत काय भरले, त्यावर मात्र बाहेरून दिसणारा शिक्का नसतो.

म्हणून मागणी अशी. कारखान्याला मंडळ जे संमतिपत्र देते त्याला प्रत्येक धुराड्याच्या युनिटचे सेटिंग जोडावे आणि ते संमतिपत्राचाच भाग मानावे. रेंज, गुणक आणि तो काढल्याची तारीख, सरासरीची मिनिटे, देखभालीत काय लिहिले जाते, प्राणवायूची दुरुस्ती, साठ्याचे दिवस, हे सगळे एका पानात मावते. इंधन बदलले, गाळणी बदलली तर सेटिंग बदलावे लागणार, ते बदलू द्यावे. पण बदल केला की कोणी, कधी, कशातून कशात, याची ओळ आपोआप मंडळाच्या सर्व्हरवर जावी आणि पोर्टलवर आकड्याशेजारी दिसावी. मेनूचा वरचा पासवर्ड एकट्या कारखान्याकडे नसावा, बँकेच्या लॉकरसारख्या दोन किल्ल्या असाव्यात, एक मंडळाची. आणि हरवलेल्या नोंदीला चढा आकडा धरण्याचा नियम इथेही लावावा.

याला पहिला आक्षेप येईल तो खर्चाचा, विशेषतः लहान कारखान्यांकडून. तो मी हलका मानत नाही. लहान उद्योजकाला बँक, वीज, जीएसटी आणि मंडळ यांच्या कागदांतून मान वर काढायला फुरसत नसते. पण इथे नवे यंत्र मागितलेले नाही. युनिटमध्ये भरलेले सगळे सेटिंग फाइल म्हणून बाहेर काढण्याची सोय अशा यंत्रांत सहसा असते, कारण यंत्र बिघडले तर इंजिनिअरला ती परत भरावी लागते. ती फाइल आज त्याच्या लॅपटॉपमध्ये पडून आहे, तिची एक प्रत मंडळाकडे जाण्याला खर्च नाममात्र आहे. खर्च खरोखर होईल तो मंडळाचा, कारण आलेली पाने वाचायला माणसे लागतील. तो मंडळाने करावा, त्याचे ते कामच आहे. व्यापारी गुपित उघडे पडेल हा आक्षेप तर टिकतच नाही. सरासरी पंधरा मिनिटांची की तासाची, यावरून कोणाच्या रंगाची किंवा औषधाची कृती कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. ही यंत्रे नाजूक असतात, उष्णता आणि ओलावा त्यांना सोसत नाही, पाण्याने धूर धुणारी यंत्रणा असेल तर पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजले जातात, आणि असे अर्धेकच्चे आकडे लोकांपुढे आले की मोर्चे निघतील, असे कारखान्यांतले जाणते लोक म्हणतात. त्यांचे तांत्रिक म्हणणे बरोबर आहे. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. आकडा लोकांना दाखवायचा आणि त्याची मर्यादा झाकून ठेवायची, यातूनच गैरसमज वाढतात. ओल्या धुरावर कोणता मापक बसवला आहे, गुणक केव्हा काढला, हे शेजारी लिहिले तर थेंबांमुळे वाढलेला आकडा कोणता आणि खरी धूळ कोणती हे निदान जाणकाराला तरी सांगता येईल. चुकीच्या सेटिंगमुळे विनाकारण नोटीस खाणारा प्रामाणिक कारखानाही असतो. उघड्या सेटिंगचा पहिला फायदा त्यालाच आहे.

तिसरे म्हणणे असे की या नोंदींना कोर्टात फारसे वजन नाही, हवा कायद्याच्या कलम 26 प्रमाणे विहित पद्धतीने नमुना घ्यावा लागतो, मग सेटिंगची एवढी मातब्बरी कशाला. पण नमुना घ्यायला अधिकारी केव्हा आणि कुठे जाणार, हे आता नोंदीच सांगतात. पहाटे चारला धूर होत असेल आणि नोंद दिवसाच्या सरासरीची असेल, तर अधिकारी सकाळी अकराला जाणार आणि त्याला स्वच्छ धुराडे दिसणार. आणि शेवटचे, निराश माणसाचे म्हणणे, की ज्याला फसवायचे तो फसवणारच. 2015 मध्ये उघडकीला आलेले फोक्सवॅगनचे प्रकरण त्यासाठी सांगितले जाते. गाडीच्या संगणकात असे सेटिंग होते की तपासणी चालू आहे हे ओळखून ती तेवढ्यापुरती स्वच्छ चालायची. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत ते होते. पण ते प्रकरण बाहेर आले कसे? एका विद्यापीठातल्या लोकांनी त्या गाड्या रस्त्यावर चालवून स्वतंत्रपणे मोजल्या म्हणून. दुसऱ्या कोणाला पडताळता आले की लबाडी टिकत नाही, हाच त्यातला धडा.

असे पडताळणारे लोक बडोद्यात आहेत. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढले ते कारागिराच्या मुलाला यंत्र कळावे म्हणून. आज तिथेच बडोद्याच्या विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे, आणि गुणक म्हणजे काय, रेंज कुठे अडते, हे ओळखणारे विद्यार्थी दरवर्षी तिथून बाहेर पडतात. कारखान्यांचे सांडपाणी मही नदीत जाऊ नये म्हणून 1983 पासून खंबातच्या आखातापर्यंत सुमारे 55 किलोमीटरचा कालवा चालवणारे हे शहर आहे. उद्योग आणि शेजार या दोघांना एकत्र नांदवायचे तर मोजमापावर दोघांचाही विश्वास लागतो, हे इथे नव्याने सांगावे लागत नाही. म्हणून गुजरातच्या मंडळाने ही सुरुवात बडोदे जिल्ह्यापासून करावी. तोवर वाचकांच्या हातात दोन गोष्टी आहेत. 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाआधी पर्यावरणाची लोकसुनावणी घ्यावी लागते, आणि 2005 पासून माहितीचा अधिकार आहे. पुढच्या सुनावणीला जाल तेव्हा धूर किती होणार एवढे विचारून खाली बसू नका. धूर मोजणाऱ्या युनिटच्या सेटिंगचा कागद मागा, आणि तो इतिवृत्ताला जोडून घ्या.